डेलमर ह्रुस्काचा एक एकर

ऑटर फोर्क टाउनशिपमध्ये डेलमर ह्रुस्काला कुणी कधी देखणा म्हटलं नाही, हुशार म्हटलं नाही, आणि बोलका तर मुळीच म्हटलं नाही. पण रेघ मारावी ती डेलमरनंच, हे सगळे मान्य करत. चौतीस वर्षं त्यानं काउंटीच्या खडीच्या रस्त्यांवर रस्ता सपाट करायचा ग्रेडर चालवला. त्याच्या हाताखालून गेलेल्या रस्त्यावर पाणी साचायची हिंमत करत नसे. शनिवारी सुट्टी. आमच्याकडे सुट्टीला लोक मासे धरायला जातात, नाहीतर टीव्हीवर फुटबॉल लावून आडवे होतात. डेलमर मात्र टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत गवत कापायला जायचा.

जागा एक एकराची. चारी बाजूंना मका आणि सोयाबीन, मधे हा चौकोन, कोपऱ्यात एक ओकचं झाड. त्या एकराला कधी नांगर लागला नाही, कारण या भागात नांगर पोचायच्या आधीच तिथं माणसं पुरली गेली होती. पण हे डेलमरला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यानं काही फरक पडला नसता. त्याच्या लेखी ती गवत कापायची जागा होती. चाळिसाव्या वर्षी त्यानं टाउनशिपच्या पंचांकडून ते काम मागून घेतलं, आणि सव्वीस वर्षं एकही शनिवार चुकवला नाही. थडग्यांच्या ओळींमधून त्याचं यंत्र असं जायचं की दोरी धरून पाहावं. मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, सगळी कुटुंबं फुलं घेऊन यायची तेव्हा दफनभूमी नव्या गालिच्यासारखी दिसायची. लोक मान हलवून म्हणायचे, "वाईट नाही, डेलमर." आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही.

मग सहासष्टाव्या वर्षी खुब्याचा सांधा बदलावा लागला. डॉक्टरांनी सप्टेंबरपर्यंत यंत्रावर बसायची बंदी घातली. पंचांना दुसरा माणूस मिळाला नाही, आणि डेलमरची बायको आयलीन त्याला गाडीनं तिकडे न्यायलाच तयार होईना.

"तू तिथं जाणार, वाढलेलं गवत बघणार, आणि दुसरा खुबाही मोडून घेणार," ती म्हणाली.

जुलैच्या शेवटी तिलाही दया आली. काठी टेकत डेलमर फाटकापाशी पोचला. शरमेनं मान खाली घालून आला होता, ती वर केली आणि तसाच उभा राहिला.

गवत नव्हतंच ते. म्हणजे होतं, पण त्यानं आयुष्यभर कापलेलं गवत हे नव्हतं. छातीपर्यंत आलेले निळसर देठ, त्यांच्या टोकाला टर्कीच्या पायासारखी तीन-तीन बोटं. मधे जांभळे तुरे. आणि ओळींच्या मधोमध डोक्याहून उंच गेलेलं एक पिवळ्या फुलांचं झाड, त्याची मोठी फाटकी पानं सगळी एकाच दिशेला कड करून उभी. पाखरं, भुंगे, फुलपाखरं यांचा नुसता बाजार भरला होता.

"आयलीन," तो म्हणाला, "हे कुणी पेरलं?"

"कुणी पेरणार? तूच तर राखलंस इतकी वर्षं."

राखलं नव्हतं, कापलं होतं. हे त्याला पुढच्या आठवड्यात कळलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मारित ओपडालला कुणीतरी बातमी दिली आणि ती पोरगी गाडी दामटत आली. त्या उंच झाडाला तिनं होकायंत्राचं झाड म्हटलं, कारण त्याची पानं उत्तर-दक्षिण उभी राहतात. त्याची मुळं दोन पुरुष खोल जातात आणि ते शंभर वर्षंही जगू शकतं, असं तिनं सांगितलं. "ही प्रेअरी, नांगर न लागलेलं मूळचं गवताळ रान. इथली सगळी जमीन आधी अशी होती, डेलमर. आता शेताच्या बांधालासुद्धा उरलेली नाही. आणि तुमच्याकडे अख्खा एकर आहे."

घरी जाताना गाडीत डेलमर म्हणाला, "ते झाड दर वसंतात वर येत होतं. मी दर शनिवारी त्याची मान उडवत होतो. सव्वीस वर्षं." आयलीन सांगते की त्या दिवशी त्यानं जेवताना बटाट्याला हात लावला नाही, आणि डेलमरनं बटाटे सोडणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

तिथून त्याचा जन्मच बदलला म्हणा. यंत्र कोठारात गेलं. थंडीत मारितच्या पुस्तकातून डेलमर एकेक नाव पाठ करू लागला. शाळेत कधी धड पास न झालेला हा माणूस सत्तरीत शंभरावर वनस्पतींची नावं घडाघडा सांगू लागला. दर सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी 'प्रेअरी दिवस' भरू लागला. शाळेची मुलं गळ्यात आईस्क्रीमच्या रिकाम्या बादल्या अडकवून बी गोळा करायची, मोठी माणसं घरोघरचे पदार्थ आणायची, आणि गोळा झालेलं बी ओढ्याकाठच्या पडीक पट्ट्यांत पेरलं जायचं. एक वर्षाआड वसंतात डेलमर आणि मारित अग्निशमन दलाच्या चार माणसांना घेऊन त्या एकराला आग लावायचे. प्रेअरीला आग हवीच असते, तिच्याशिवाय बाहेरून आलेलं कुरणाचं गवत तिचा गळा धरतं. पेटवण्याआधी प्रत्येक दगडाभोवती हातभर जागा मोकळी करायची, म्हणजे दगडाला धग लागत नाही. हे काम डेलमर कुणाला करू देत नसे.

आणि यंदा याच आगीनं घोटाळा केला.

एप्रिलभर पाऊस. नंतर वारा. मे उजाडला तरी आग लावता येईना. मारित म्हणाली, "यंदा राहू द्या." पण कुरणाचं ते परकं गवत पश्चिमेच्या कोपऱ्यातून आत सरकत होतं, आणि उशिराची आग त्याला सगळ्यात जास्त मारते हे डेलमरनं पुस्तकात वाचलं होतं. माणूस उशिरा पुस्तकं वाचायला लागला की त्याला फार कळतं असं वाटू लागतं. मेच्या वीस तारखेला वारा पडला आणि त्यानं काडी ओढली. सुंदर जळलं. एकही दगड काळा झाला नाही. डेलमर खूश होऊन घरी आला.

आठ दिवसांनी मेमोरियल डे होता.

सव्वीस वर्षं ज्या माणसाचा अख्खा वसंत त्या एका सोमवारसाठी असायचा, तो माणूस तो सोमवार विसरला. कापायचं काम सुटलं आणि तारीखही मनातून गेली. त्या सकाळी पन्नासेक गाड्या टेकडीवर आल्या. लोक कॉफीच्या डब्यांत पिओनीची फुलं घेऊन उतरले, आणि समोर काळीठिक्कर राख. व्हर्ना आल्बर्स नातवंडांना घेऊन आली होती. पांढरे बूट घालून. ती नवऱ्याच्या, हार्लनच्या, दगडापर्यंत गेली, फुलांचा डबा राखेत ठेवला आणि परत आली. बूट काळे झाले होते. डेलमर फाटकापाशी टोपी हातात धरून उभा होता. ती त्याच्या समोरून गेली, एक शब्द बोलली नाही. व्हर्नानं तीस वर्षं शाळेची खानावळ चालवली होती, अख्ख्या टाउनशिपला तिनं कधी ना कधी झापलं होतं. ती बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

त्यात ती टाउनशिपची मुख्य पंच. जूनमध्ये पोस्टाच्या दारावर नोटीस लागली. दफनभूमी पुन्हा कापून ठेवायची की नाही, याचा निर्णय पंच सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी जागेवरच घेतील. शहरातल्या एका कापणीवाल्याशी बोलणंही झालं होतं. पंच तीन. लेस्टर फॉस आधीपासूनच या रानाच्या विरोधात. गेलन बेकवार स्वतःचं मत कधी बाळगत नाही, व्हर्ना कुठं हात वर करते ते बघून तो करतो. म्हणजे सगळं एका हातावर आलं होतं.

डेलमरला रात्र-रात्र झोप नाही असं मी म्हणणार नाही, तो झोपायचा. पण जागेपणी त्याचं लक्ष नसायचं. आपण त्या एकराला सव्वीस वर्षं कापलं, आठ वर्षं जगू दिलं, आणि आता आपल्याच हातानं मारलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरायचं.

ऑगस्टमध्ये त्यानं धीर केला. धान्याच्या कोठीजवळच्या कॅफेत व्हर्ना एकटी बसली होती. डेलमर जाऊन समोर बसला आणि पाठ केलेलं बोलू लागला. वनस्पतींच्या जाती शंभर. भुंगे इतक्या प्रकारचे. पाण्याचा निचरा...

व्हर्नानं ॲपल पायचा तुकडा संपवला, काटा खाली ठेवला.

"शंभर काय, दोनशे असू देत," ती म्हणाली. "माझे गुडघे दोनच आहेत, डेलमर. दोन्ही बदललेले. छातीएवढ्या गवतातून मी हार्लनपर्यंत जाऊ कशी? पोहत?"

"तू सांगायचंस..."

"कुणाला सांगणार? मी दर रविवारी फाटकापर्यंत येते, तिथूनच त्याला हाक मारल्यासारखं करते आणि घरी जाते. तीन वर्षं झाली. राख होती त्या दिवशी निदान पोचले तरी. बूट गेले, पण पोचले." ती उठली. "मला फुलांचं वावडं नाही. पण तिथं आमची माणसं आहेत हे तुम्ही लोक विसरलात."

ती खरं बोलत होती.

पुढचा महिनाभर त्याच्या डोक्यात तेच. आयलीननं विचारलं की मारितशी बोललास का, तर म्हणाला, बोलून काय होणार. आणि सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, उजाडल्या-उजाडल्या त्यानं कोठाराचं दार सरकवलं. आयलीन स्वयंपाकघरात खसखस भरलेले गोड कोलाची पाव भट्टीतून काढत होती. यंत्राचा आवाज ऐकून ती पिठाच्या हातानं बाहेर आली.

"डेलमर! आज? आजच्या दिवशी ते कशाला काढलंस?"

"काम आहे."

"मारित तुला मारील."

"मारू दे," तो म्हणाला आणि यंत्र गाडीवर चढवलं.

दफनभूमीत दव होतं. आठ वर्षांनी तो त्या बैठकीवर बसला. आधी त्यानं फाटकापासून कुंपणाच्या कडेनं एक पट्टा काढला, रस्त्यावरून बघणाऱ्याला कळावं की ही जागा कुणीतरी सांभाळतंय. मग फाटकापासून मधे एक रुंद वाट, आणि त्या वाटेला फुटणाऱ्या बारक्या वाटा, प्रत्येक घराण्याच्या दगडांपर्यंत एक. दोन्ही बाजूंना गवत भिंतीसारखं उभं, खाली पाय ठेवायला मऊ जमीन. हात विसरले नव्हते. प्रत्येक वाट दोरीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

हार्लन आल्बर्सची वाट शेवटची. ती सगळ्यात लांब. अर्धी झाली असेल, आणि पात्यापुढं गवताच्या बुडात निळं काहीतरी चमकलं. डेलमरनं खटका ओढला. यंत्र थांबलं तेव्हा पातं त्या निळ्यापासून वीतभर होतं.

उतरून त्यानं गवत बाजूला केलं. बाटलीचं फूल. पाच-सहा देठ, प्रत्येकावर कळ्यांसारख्या मिटलेल्या गर्द निळ्या फुलांचा झुबका. हे फूल कधी उमलतच नाही. मारित आठ वर्षं या जागेत ते शोधत होती, पुस्तकात चित्र दाखवून दाखवून तिनं मुलांना वेड लावलं होतं. आणि ते इथं, हार्लनच्या वाटेच्या मधोमध.

समोर दगड दिसत होता. सरळ गेलं की पोचलो. डेलमरनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग यंत्र मागे घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकडी रेघ मारली. फुलाला वळसा घालून वाट पलीकडे काढली. मागे वळून पाहिलं तर सरळ वाटेला मधेच पोट आलेलं. त्याला कसंसंच झालं, पण ते तसंच ठेवलं.

एवढ्यात फाटकापाशी गाडीचं दार आपटलं.

"डेलमर!" मारित बादल्या टाकून धावत आली. "काय केलंत हे! तुम्ही? तुम्हीच?"

"ओरडू नकोस, पाखरं उडतील."

"पंच यायला तीन तास आहेत आणि तुम्ही यंत्र फिरवताय? हरलो म्हणून का? मी मुलांना काय सांगू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आठ वर्षं मी लोकांना सांगतेय की डेलमर ह्रुस्का बदलला. आणि..."

"मारित. आधी इकडे ये. खाली बघ."

ती गुडघ्यांवर बसली. एक मिटलेलं फूल बोटानं हलकेच उचलून धरलं. मग तिनं वाट पाहिली, वळण पाहिलं, पलीकडचा आल्बर्सचा दगड पाहिला.

"लोकांना त्यांच्या माणसांपर्यंत जाता येत नव्हतं," डेलमर म्हणाला. "आपल्या लक्षात आलं नाही. तुझ्या पुस्तकात ते लिहिलेलं नाही."

मारितनं नाक पुसलं. "मला विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तू नको म्हणाली असतीस."

"हो. म्हटलं असतं," ती म्हणाली, आणि उठून विखुरलेल्या बादल्या गोळा करू लागली.

दहा वाजता मुलांची बस आली. अर्ध्या तासात टेकडी गजबजली. मारितनं मुलांना नियम सांगितला: प्रत्येक झाडाचं अर्धं बी घ्यायचं, अर्धं पाखरांना आणि मातीला ठेवायचं. मुलं गवतात घुसली की दिसेनाशी व्हायची, फक्त आवाज यायचे. ओकखाली लांब टेबलावर क्रीममध्ये भाजलेला मका, हॅमचे गोळे, आयलीनचे कोलाची पाव, आणि गाजर घातलेली हिरवी जेली, जी दर वर्षी येते आणि दर वर्षी जशीच्या तशी घरी जाते.

अकराला पंचांची गाडी आली. लेस्टर आणि गेलन टेबलाकडे वळले. व्हर्ना फाटकात थांबली. रविवारी थांबायची तिथंच. समोर वाट होती. तिनं काठीनं जमीन चाचपली आणि आत आली. डेलमर ओकच्या बुंध्याशी उभा राहून पाहत होता. बायकोनं त्याला मागून ढकललं.

"जा की. झाडासारखा उभा राहू नकोस."

तो जाऊन पोचला तेव्हा व्हर्ना वळणापाशी उभी होती.

"डेलमर ह्रुस्का," ती म्हणाली, "सकाळी सकाळी प्यायला होतास का रे?"

"नाही."

"मग हे काय? हार्लन असता तर हसून हसून मेला असता. तुझी रेघ आणि वाकडी!"

"मधे कुणीतरी होतं," डेलमर म्हणाला. "त्याला कापवेना. बघ."

तिला वाकता येत नव्हतं. डेलमरनं टेबलाकडून एक घडीची खुर्ची आणली, वाटेच्या त्या फुगवट्यात मांडली. व्हर्ना बसली. पुढं झुकून पाहिलं.

"कळ्या आहेत. उमलतील कधी?"

"कधीच नाही. असंच मिटलेलं असतं."

"मग उपयोग काय?"

"थांब जरा."

ऊन चढलं होतं. एक जाडजूड केसाळ भुंगा आला, दोन-तीन फुलांवर बसून बघितलं, आणि एका फुलाच्या टोकाला पुढचे पाय घालून दाणदाण ढकलू लागला. पाकळ्या हटेनात. त्यानं डोकं घुसवलं. मग खांदे. मग अख्खा आत गेला, फक्त मागची बाजू बाहेर, आणि आतून रागानं गुरगुरल्यासारखा आवाज.

व्हर्ना ओठ दाबून बसली होती. मग तिला आवरेना. ती मोठ्यानं हसली, टेबलाकडची माणसं वळून पाहू लागली इतकी मोठ्यानं.

"अरे देवा! हा तर हार्लन फ्रिजमध्ये डोकं घालून उभा!"

डेलमरही हसला. भुंगा उलटा सरकत बाहेर आला, परागानं माखलेला, आणि पुढच्या फुलाकडे गेला. व्हर्नानं त्याला आणखी दोन-तीन फुलांत घुसताना पाहिलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तिनं ते लपवले नाहीत. मग उठून उरलेली वाट ती एकटी चालत गेली. डेलमर गेला नाही. दगडापाशी ती बराच वेळ उभी होती, काहीतरी बोलत होती. तीन वर्षांचं साठलं असणार.

परत येताना मारितनं न विचारता तिच्या गळ्यात एक बादली अडकवली. व्हर्नानं तिच्याकडे रोखून पाहिलं, पण बादली काढली नाही.

जेवणं झाल्यावर सभा. व्हर्नानं खुर्चीवरूनच सुरुवात केली. लेस्टर उभा राहिला.

"माझं आधीही हेच म्हणणं होतं," तो म्हणाला. "दफनभूमी दफनभूमीसारखी दिसायला हवी. माझे आजी-आजोबा तिथं आहेत. मेमोरियल डेला माझ्या आईला राखेत उभं राहावं लागलं. ती नव्वद वर्षांची आहे. तिला काय सांगू, की भुंगे सुखी आहेत?"

कुणी हसलं नाही. त्याचं चूक नव्हतं. मारित बोलायला उठली, तोच डेलमरनं हात वर केला. खिशातून बियांच्या पाकिटावर लिहिलेलं भाषण काढलं. पाहिलं. परत खिशात टाकलं.

"ती तारीख मी ठरवली," तो म्हणाला. "मारित नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. सव्वीस वर्षं मी तो सोमवार सांभाळला, आणि यंदा विसरलो. लेस्टर, तुझ्या आईची मी माफी मागतो. तुम्हा सगळ्यांची मागतो. व्हर्नाची तर आधी मागायला हवी होती. पण चूक माझी आहे. या जागेनं काही केलेलं नाही. शिक्षा तिला करू नका."

तो बसला. आमच्या टाउनशिपमध्ये पुरुष माणसानं चारचौघांत अशी माफी मागितल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. आयलीननं त्याच्या मांडीवर हात ठेवला.

व्हर्ना घसा खाकरून म्हणाली, "मी मांडते ते ऐका. एक, आग एप्रिलच्या पंधरा तारखेच्या आत. जमलं नाही तर त्या वर्षी नाही, पुस्तक काहीही म्हणो. दोन, वाटा दर पंधरा दिवसांनी कापायच्या, प्रत्येक दगडापर्यंत, एकही घराणं सोडायचं नाही. लेस्टरच्या आईची वाट चाकाच्या खुर्चीएवढी रुंद. तीन, बाकीची जागा आहे तशी राहील. कापायचं काम डेलमर करील." तिनं हात वर केला. "कोण कोण?"

गेलननं पटकन हात वर केला. लेस्टर हात बांधून बसला. मग म्हणाला, "मी विरोधात आहे, लिहून घ्या. पण आईची वाट उत्तरेकडून काढ डेलमर, तिकडे उतार कमी आहे."

"काढतो," डेलमर म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मारित मात्र मुलांसमोर ढसाढसा रडली आणि मुलांनी तिला घेरलं.

तीनच्या सुमारास बस गेली. बायका भांडी गोळा करत होत्या. मारितनं मोठ्या कागदी पोत्यांत मुलांचं बी ओतून घेतलं आणि त्यांवर नावं घातली. डेलमर यंत्र गाडीवर चढवत होता तेव्हा व्हर्ना त्याच्याकडे आली. गळ्यातली बादली तिनं अजून रिकामी केली नव्हती. दुपारभर वाटेच्या कडेनं, हात पोचेल तिथून, तिनं थोडं थोडं ओरबाडलं होतं. बादली निम्मी भरली होती.

"हे पोत्यात नाही टाकलंस?" डेलमरनं विचारलं.

"नाही. हे वेगळं ठेवायचं." तिनं बादली गळ्यातून काढून त्याच्या हातात दिली. "हार्लनच्या दगडावर माझंही नाव कोरून ठेवलंय, तुला माहीत आहे. एक तारीख तेवढी बाकी आहे."

"हं."

"मला तिथं ठेवलं की पोरं दुकानातून हिरवळीच्या गुंडाळ्या आणतील आणि वर अंथरतील. तू ते होऊ द्यायचं नाहीस. माझ्यावर हे पेर."

डेलमरनं बादलीत पाहिलं. राखाडी, तांबूस, कुसळं असलेलं, मऊ पिसांचं असं सगळं मिसळलेलं बी. तिला नावं माहीत नव्हती, तिनं जे हाताला लागलं ते घेतलं होतं. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. शब्द सापडेनात, म्हणून त्यानं खरं ते सांगितलं.

"व्हर्ना, हे दोन-तीन वर्षंच टिकतं. मग उगवत नाही."

"बरं," व्हर्ना काठी सावरत गाडीकडे वळली. "मग दर वर्षी येऊन ताजं गोळा करीन. मला काही घाई नाही."